सात डॉलर नाकारणारी पलटण

अमेरिकन यादवी युद्धातल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पायदळ पलटणीचा विषय निघाला की तो फोर्ट वॅगनरपाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी मॉरिस नावाचे वाळूचे बेट आहे. त्यावरच्या या किल्ल्याकडे जायला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला दलदल यांच्यामधली अरुंद पुळण एवढीच वाट होती. १८ जुलै १८६३च्या संध्याकाळी त्या पुळणीवरून या कृष्णवर्णीय पलटणीचे सुमारे ६०० जण हल्ल्याच्या अग्रभागी धावले. त्यांतले जवळजवळ पावणेतीनशे ठार, जखमी, कैद किंवा बेपत्ता झाले. पंचवीस वर्षांचा गोरा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तटावर पडला आणि शत्रूने त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. किल्ला काही हाती आला नाही. बॉस्टनमध्ये १८९७ साली उभे राहिलेले ऑगस्टस सेंट-गॉडेन्सचे शिल्प आणि १९८९चा ‘ग्लोरी’ हा चित्रपट यांनी शॉ आणि त्याची पलटण दूरवर पोचवली. वॅगनरची ती संध्याकाळ विसरावी असे कोणीच म्हणणार नाही. पण पलटण त्यानंतर आणखी जवळजवळ दोन वर्षे युद्धात होती, आणि माझे म्हणणे असे आहे की तिचा सर्वांत अवघड लढा पगारवाटपाच्या टेबलापाशी झाला. भरतीपासून सुमारे अठरा महिने या शिपायांनी पगाराचा एक डॉलरही घेतला नाही, कारण सरकार देऊ करत होते तो पगार शिपायाचा नव्हता. या छोट्या इतिहासाची मांडणी त्या नकाराभोवती केली आहे. तशी का केली, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पलटण कशी उभी राहिली हे आधी पाहायला हवे, कारण नकाराचे मूळ तिथे आहे. १ जानेवारी १८६३च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यात अध्यक्ष लिंकन यांनी कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची वाट मोकळी केली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी युद्धमंत्री स्टँटन यांच्याकडून अशी पलटण उभारण्याची परवानगी मिळवली. पण त्या राज्यात कृष्णवर्णीयांची वस्ती एक अख्खी पलटण भरेल एवढी नव्हती. म्हणून जॉर्ज स्टर्न्स यांच्या पुढाकाराने उत्तरेकडच्या राज्यांत भरतीचे जाळे पसरले. गुलामीविरोधी चळवळीचे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी आपल्या वृत्तपत्रातून जाहीर हाक दिली आणि ल्युइस व चार्ल्स या आपल्या दोन मुलांना पलटणीत धाडले. बॉस्टनजवळच्या रीडव्हिलच्या छावणीत जे जमले ते पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क, न्यू बेडफर्ड अशा ठिकाणांहून आलेले शेतकरी, मजूर, न्हावी, खलाशी होते. गुलामीतून पळून आलेले थोडे होते. बहुसंख्य जन्मापासून स्वतंत्र होते आणि त्यांतल्या पुष्कळांना लिहितावाचता येत होते. चित्रपटाने हे उलटे दाखवले आहे. तिथे पलटण मुख्यतः पळालेल्या गुलामांची दिसते आणि गोरा अधिकारी त्यांना माणसे म्हणून घडवतो. कथेला हे सोयीचे असेल, पण त्यामुळे मुख्य गोष्ट हातातून निसटते. ही माणसे करार म्हणजे काय हे जाणत होती. इतर शिपायांना जो पगार, जो शिधा, जे कपडे, तेच तुम्हालाही मिळेल असे सांगून त्यांची भरती झाली होती, आणि तो शब्द गव्हर्नरने युद्धखात्याच्या भरवशावर दिला होता.

तो शब्द मोडला तो एका जुन्या कायद्याच्या आधाराने. १७ जुलै १८६२च्या मिलिशिया कायद्यात कृष्णवर्णीयांना कामावर घेण्याची तरतूद होती. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः खंदक खणणारे, ओझी वाहणारे, छावणीत राबणारे लोक होते. त्यांना महिना १० डॉलर आणि त्यांतले ३ डॉलर कपड्यांपोटी कापून घ्यायचे, म्हणजे हाती सात. गोऱ्या साध्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. युद्धखात्याच्या विधी-सल्लागाराने अर्थ लावला की कृष्णवर्णीय शिपाई याच कायद्याखाली येतात. त्यातली खोच हुद्द्यांकडे पाहिले की कळते. गोऱ्या सार्जंटला १७ डॉलर होते. कृष्णवर्णीय सार्जंटला, अगदी सार्जंट-मेजरलासुद्धा, तेच दहा वजा तीन. बढती मिळाली, जबाबदारी वाढली, गोळ्या झेलण्याची जागा पुढे सरकली, तरी पगाराच्या कागदावर माणूस मजूरच राहिला. जोखीम मात्र गोऱ्या शिपायापेक्षा जास्त होती. फुटून निघालेल्या दक्षिणेच्या काँग्रेसने मे १८६३मध्ये ठराव केला होता की पकडलेल्या कृष्णवर्णीय शिपायांना युद्धकैदी न मानता त्या त्या राज्याच्या कायद्याच्या हवाली करावे, आणि त्या राज्यांचा कायदा म्हणजे गुलामी किंवा फास. शॉने वॅगनरपूर्वीच गव्हर्नरला कळवले होते की पूर्ण पगार द्यावा, नाहीतर पलटण मोडून माणसांना घरी पाठवावे. वॅगनरनंतर पगारवाटप अधिकारी छावणीत आले, तीच रक्कम पुढे केली, आणि रक्त सांडून आलेल्या रांगांनी ती घेतली नाही. ते पुन्हा आले, पुन्हा तसेच झाले.

नोव्हेंबर १८६३मध्ये जे घडले तो माझ्या मते या सबंध इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून ठरवले की केंद्र सरकार कमी देते तेवढी तूट राज्याच्या तिजोरीतून भरून काढू. प्रस्तावामागे खोट नव्हती. गव्हर्नर अँड्र्यू यांची तळमळ तर वादातीत होती. तोपर्यंत पलटणीला पगार न मिळून कित्येक महिने झाले होते, घरून येणाऱ्या पत्रांत उपासमारीच्या हकिकती होत्या, काहींची बायकामुले गावच्या निराधारगृहाच्या दारात उभी होती. पैसे घेतले असते तर प्रत्येकाच्या हाती गोऱ्या शिपायाएवढीच रक्कम पडली असती. शिपायांनी तीही नाकारली. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही संयुक्त संस्थानांचे शिपाई आहोत, आमचा पूर्ण पगार त्यांनीच द्यायचा, राज्याने तूट भरली तर आमची किंमत कमी आहे हे आम्हीच मान्य केल्यासारखे होईल. हा वाद पैशांचा होता असे ज्यांना वाटते त्यांनी या नकारापाशी थांबून विचार करावा. बेरीज तीच येत होती. मग त्यांनी काय मागितले? देणारा कोण आणि कोणत्या नात्याने देतो, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्या प्रश्नासाठी त्यांनी आणखी दहा महिने रिकाम्या खिशाने काढले.

कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने २८ सप्टेंबर १८६३ रोजी मॉरिस बेटावरच्या छावणीतून थेट लिंकन यांना लिहिलेले पत्र याच भूमिकेतून आले आहे. गुडिंग न्यू बेडफर्डचा, व्हेलच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजांवर काम केलेला. पलटणीच्या हकिकती तो आपल्या गावच्या वृत्तपत्राला नियमाने पाठवत असे. पत्रात त्याने दयेची याचना कुठेही केलेली नाही. आम्ही शिपाई आहोत की मजूर, याचे उत्तर तो अध्यक्षांकडे मागतो. शिपायाने जे करायचे ते सर्व आम्ही केले आहे, याची साक्ष म्हणून तो वॅगनरच्या तटाखाली पुरलेल्या सोबत्यांकडे बोट दाखवतो. शत्रूने आम्हाला पकडले तर इतर शिपायांसारखेच वागवावे असा आग्रह सरकार धरते, मग पगार देताना सरकारनेच तो भेद का करावा, हा त्याचा मुद्दा आहे. तो बिनतोड होता, कारण कृष्णवर्णीय युद्धकैद्यांवर अत्याचार झाल्यास बदला घेऊ असा हुकूम लिंकन यांनी ३० जुलैला काढला होता. गुडिंगने सरकारचाच न्याय सरकारपुढे ठेवला. एका कॉर्पोरलने राष्ट्राध्यक्षांशी असा युक्तिवाद करावा, ही गोष्ट किल्ल्यावर चढण्याइतकीच धाडसाची आहे असे मला वाटते.

पगाराच्या लढ्याला मध्यभागी ठेवण्यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: वॅगनर झाले नसते तर या पलटणीच्या पगाराची चर्चा कोणी केली असती? हे बऱ्याच अंशी खरे आहे. कृष्णवर्णीय माणूस गोळीबारासमोर टिकणार नाही ही समजूत त्या हल्ल्याने उत्तरेत पुष्कळशी मोडली. भरती वाढली, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीयांनी उत्तरेच्या सैन्यात सेवा केली. कंपनी ‘सी’चा सार्जंट विल्यम कार्नी अंगावर जखमा झेलत झेंडा मागे घेऊन आला, त्याला त्या कामगिरीचे सन्मानपदक १९०० साली मिळाले. पण नेमके हेच दाखवते की वॅगनरने प्रश्न अर्धाच सोडवला. हल्ल्यानंतर देशाने मान्य केले की ही माणसे मरू शकतात. ती बरोबरीची आहेत हे मान्य केले नाही. मरणाला कोणाची हरकत नव्हती, तेरा डॉलरला होती. शौर्याची वाहवा करणाऱ्या वृत्तपत्रांना आणि सभांना त्यासाठी काही मोजावे लागत नव्हते, पगार समान करायचा म्हटले की कायदा बदलावा लागत होता. म्हणून वॅगनर हा पुरावा आहे आणि पगाराचा लढा हा निकाल आहे; एकाला वगळून दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

दुसरा आक्षेप लष्करी वृत्तीच्या माणसांचा: युद्ध चालू असताना शिपायाने पगारावर अडून बसणे ही बेशिस्त नाही का? बेशिस्त तेव्हा म्हणता येईल जेव्हा काम थांबते. या पलटणीत कुरबूर होती, १८६४च्या वसंतात ती बंडाच्या काठावर गेली होती, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु पगाराविना याच शिपायांनी मॉरिस बेटावर वॅगनरच्या वेढ्याचे खंदक खणले, आणि सप्टेंबर १८६३मध्ये शत्रू तो किल्ला सोडून गेला. २० फेब्रुवारी १८६४ला फ्लॉरिडात ऑलस्टीच्या लढाईत उत्तरेचा पराभव होत असताना माघार सावरायला ज्या पलटणी पुढे गेल्या त्यांत ही होती; लढाईत शिरताना तिच्या शिपायांनी मॅसॅच्युसेट्सच्या आणि महिना सात डॉलरच्या नावाने आरोळी ठोकली अशी नोंद आहे. माघारीत जखमींनी भरलेल्या आगगाडीचे इंजिन बंद पडले. दमलेल्या पलटणीला परत फिरवण्यात आले, आणि तिने दोर बांधून ते डबे हातांनी ओढत नेले. हे करणाऱ्या शिपायांना त्या दिवसापर्यंत सरकारकडून पगाराचा एक डॉलरही मिळालेला नव्हता. शिस्तीचा आणखी कोणता दाखला हवा? गुडिंग याच लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला आणि १९ जुलै १८६४ला अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत मरण पावला. समान पगाराचा कायदा त्याच्या सुमारे पाच आठवडे आधी झाला होता. त्याला त्याचा पैसा मिळाला नाही.

सरकारच्या बाजूनेही युक्तिवाद होता आणि तो तेव्हा पुष्कळ शहाण्या माणसांना पटला होता. ऑगस्ट १८६३मध्ये डग्लस लिंकन यांना भेटले तेव्हा अध्यक्षांनी सांगितले की कृष्णवर्णीयांना सैन्यात घेणेच जनतेच्या गळी उतरवणे कठीण आहे. कमी पगार ही त्या पूर्वग्रहाला दिलेली तात्पुरती सवलत आहे, पुढे समान पगार मिळेलच. लिंकन यांच्यापुढची अडचण खोटी नव्हती. त्याच वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध उसळलेल्या दंगलीत जमावाने कृष्णवर्णीयांची घरे जाळली होती. पलटणीतला सार्जंट रॉबर्ट सिमन्स वॅगनरवर चालून गेला त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीच्या लहान मुलाचा त्या दंगलीत बळी गेला. सिमन्स स्वतः जखमी होऊन कैद झाला आणि चार्ल्सटनमध्ये मेला. असा द्वेष समोर असताना राज्यकर्त्याने पावले जपून टाकावीत हे समजू शकते. पण जपून टाकलेले पाऊल पुढे कसे पडले, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे. नुसत्या धीराने पगार वाढला नाही. पलटणीचा नकार, शिपायांची पत्रे, गव्हर्नर अँड्र्यू यांचा वॉशिंग्टनमधला तगादा, वृत्तपत्रांतला गवगवा, आणि पलटणीचे धर्मोपदेशक सॅम्युएल हॅरिसन यांच्या पगारावरून अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड बेट्स यांनी दिलेला अनुकूल अभिप्राय, एवढे सगळे साचल्यावर काँग्रेसने १५ जून १८६४ला कायदा केला. सात डॉलर निमूट खिशात गेले असते तर ती तात्पुरती सवलत किती वर्षे टिकली असती, याचा अंदाज त्या देशाचा पुढचा इतिहास जाणणाऱ्याने करावा.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नकार देणे ५४व्या पलटणीला परवडले, कारण तिच्या पाठीशी गव्हर्नर होता, बॉस्टनची वजनदार मंडळी होती, शिपाई लिहितेवाचते होते. ज्यांना हे पाठबळ नव्हते त्यांचे काय झाले? दक्षिण कॅरोलायनात मुक्त गुलामांतून उभारलेल्या तिसऱ्या पलटणीचा सार्जंट विल्यम वॉकर याने नोव्हेंबर १८६३मध्ये आपल्या कंपनीला कर्नलच्या तंबूसमोर शस्त्रे खाली ठेवायला लावली. सरकारने करार मोडला, आम्ही यापुढे शिपाई राहणार नाही, अशी त्याची भूमिका होती. लष्करी न्यायालयाने ते बंड ठरवले आणि २९ फेब्रुवारी १८६४ला जॅक्सनव्हिल येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मॅसॅच्युसेट्सच्याच ५५व्या पलटणीतही जून १८६४मध्ये, पगाराचा असंतोष धुमसत असताना, एका शिपायाला अधिकाऱ्यावर हात उगारल्याबद्दल देहदंड झाला. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि म्हणूनच या इतिहासात वॉकरचे प्रकरण तळटीपेत न ढकलता मुख्य कथनात घेतले आहे. ५४व्या पलटणीचा मान त्यामुळे कमी होत नाही. तिला जे पाठबळ होते त्याचा तिने कशासाठी उपयोग केला, हे त्यातून दिसते. जून १८६४च्या कायद्यातसुद्धा एक पाचर होती. समान पगार १ जानेवारी १८६४पासून सर्वांना, पण त्याआधीची थकबाकी १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच. म्हणजे एकाच रांगेत उभ्या राहिलेल्या दोन शिपायांपैकी पळून आलेल्याला कमी. शॉनंतर पलटणीची सूत्रे हाती घेणारा कर्नल एडवर्ड हॅलोवेल फिलाडेल्फियाच्या क्वेकर घराण्यातला होता. त्या तारखेला स्वतंत्र असल्याची शपथ शिपायाला घ्यावी लागणार होती; हॅलोवेलने तिची अशी भाषा तयार केली की त्या दिवशी किंवा त्याआधी तुमच्याकडून फुकट श्रम मागण्याचा हक्क कोणालाही नव्हता, एवढेच शिपायाने सांगायचे. ईश्वराच्या न्यायाने तो हक्क कोणत्याच मालकाला नव्हता, म्हणून गुलाम राहिलेल्यानेही मान ताठ ठेवून शपथ घेतली. सप्टेंबर १८६४च्या अखेरीस पलटणीला पूर्ण थकबाकी मिळाली. १,७०,००० डॉलर वाटले गेले. वॉकरसारख्यांच्या पलटणींना मात्र १८६३च्या थकबाकीसाठी मार्च १८६५च्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागली, आणि तोही भरतीच्या वेळी दिलेल्या वचनाच्या अटीला बांधलेला होता.

मराठी वाचकाला या विषयाची एक जुनी ओळख आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला. ती कृतज्ञता सार्थ होती. शॉ, अँड्र्यू, हॅलोवेल ही त्यांतलीच माणसे. पण मुक्तीच्या कामात मुक्त होणाऱ्यांचा स्वतःचा वाटा किती होता, हे कळायला तेव्हाची साधने अपुरी होती. या पलटणीचा पहिला मोठा इतिहास कॅप्टन लुईस एमिलिओ याने १८९१मध्ये प्रसिद्ध केला. तो काळजीपूर्वक लिहिलेला आहे आणि त्यावाचून कोणाचेच पान हलत नाही, तरी तो एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या जागेवरून पाहिलेला आहे. बॉस्टनच्या शिल्पावरही सुरुवातीला फक्त धारातीर्थी पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरली होती. शिपायांची नावे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. आता गुडिंगची पत्रे छापली गेली आहेत, भरतीचे आणि निवृत्तिवेतनाचे कागद पाहायला मिळतात. त्यांतून स्टीफन स्वेल्ससारखा माणूस पुढे येतो. ऑलस्टीला जखमी झालेल्या या सार्जंटला गव्हर्नर अँड्र्यू यांनी १८६४मध्ये अधिकारपद दिले, पण युद्धखात्याने तो कृष्णवर्णीय म्हणून जवळजवळ वर्षभर मान्यता रोखली. जानेवारी १८६५मध्ये तो रीतसर लेफ्टनंट झाला, आणि युद्धानंतर ज्या दक्षिण कॅरोलायनाशी लढला त्याच राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला. पगाराच्या लढ्यात सापडलेला धागा इथपर्यंत जातो.

पुढच्या पानांत जेम्स बेट, वॅगनर, ऑलस्टी, हनी हिल आणि एप्रिल १८६५मधली बॉइकिन्स मिल या लढाया आपापल्या जागी आहेत, आणि त्यांचे नकाशे पाहून वाचणाऱ्याला त्या रमवतीलही. वाचकाला विनंती एवढीच की वॅगनरचे प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटू नये. त्यानंतरचे पगाराचे प्रकरण आकड्यांनी आणि तारखांनी भरलेले आहे. ते सावकाश, एकेक तारीख लक्षात घेत वाचावे.